सिंहावर सूर्य, सोबत ‘वर्ष ८’ : अलेक्झांड्रियाचा कांस्य ड्राक्मा वाचायचा कसा, जपायचा कसा

ताम्रमुख (धागाकर्ते)

संग्रहालयाच्या नाण्यांच्या पेटीत एक मोठे कांस्य नाणे आहे. जुन्या कार्डावर एवढेच लिहिलेय : ‘ग्रीक. तांबे. सिंहछाप.’ नव्या सूचीसाठी ही नोंद दुरुस्त करायची आहे.

व्यास ३३ ते ३४ मि.मी. (पूर्ण गोल नाही), मधोमध जाडी साधारण ३.५ मि.मी., वजन २२.४६ ग्रॅम. पुढच्या बाजूला दाढीवाला पुरुष, तोंड उजवीकडे, डोक्यावर पानांची माळ. भोवतीचा लेख अर्धाअधिक झिजलाय. मागे उजवीकडे झेपावणारा सिंह, त्याच्या पाठीवर डोक्याभोवती किरण असलेले मुख, जवळ एक तारा. रोमन ‘एल’सारखी एक खूण दिसते आणि तिच्यानंतर ‘एच’सारखे अक्षर. या दोघांमधली जागा घासलेली आहे.

सिंहाच्या पोटाखाली अर्ध्या मोहरीएवढा फिकट हिरवा ठिपका आहे. बाकी नाण्यावरचा थर गडद हिरवा-तपकिरी आणि घट्ट आहे.

नाणे कोणाचे, कधीचे, आणि कार्डावर नेमके काय लिहावे?

---

टांकसाळकर

‘ग्रीक’ हा शब्द आधी काढा. लेख ग्रीक लिपीत आहे म्हणून नाणे ग्रीक होत नाही. रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडच्या प्रांतांत स्थानिक टांकसाळी ग्रीक लेखाची नाणी पाडत. पुढे सम्राटाचे मुख आणि मागे तिथल्या मातीतले काहीतरी, देव, देऊळ, नदी. आज यांना ‘रोमन प्रांतिक’ म्हणतात. जुन्या याद्यांत ‘ग्रीक’ हेच नाव चाले, तुमचे कार्ड बहुधा त्या काळातले असावे.

तुमचे वर्णन अलेक्झांड्रियाच्या, म्हणजे इजिप्तच्या टांकसाळीच्या कांस्य ड्राक्म्याशी (‘ड्राक्मा’ हे तिथले मोठे नाणे) जुळते. सम्राट अँटोनायनस पायस, राज्यकाळ इ.स. १३८ ते १६१. या काळातले ड्राक्मे साधारण ३२ ते ३६ मि.मी. आणि २० ते २७ ग्रॅमचे असतात. तुमचे आकडे बरोबर मधे बसतात.

ही नाणी ओळखताना माणूस अडतो, कारण शहराचे नाव त्यांवर नसते. स्मिर्ना किंवा एफेसससारखी शहरे आपले नाव ठसठशीत लिहीत, अलेक्झांड्रियाची टांकसाळ लिहीत नसे. त्यामुळे ओळख पटवायची ती तीन गोष्टी एकत्र बघून. मागच्या बाजूला ‘एल’सारखी खूण आणि तिला लागून ग्रीक अंक, मोठ्या नाण्याची आतून बाहेर उतरती कड, आणि ग्रीक-इजिप्ती मिसळीची चित्रे. नुसत्या ‘एल’वर विसंबू नका. ज्यूडियात रोमन अधिकारी पोंटियस पायलेटने पाडलेल्या बारक्या कांस्य नाण्यांवरही हीच खूण आहे.

पुढच्या बाजूच्या लेखात एक खाच आहे. अँटोनायनसला आधीचा सम्राट हेड्रियन याने दत्तक घेतले होते, म्हणून त्याच्या नावात ‘आद्र’ ही अक्षरे येतात. पूर्ण लेख ऑटोक्रातोर कैसर टायटस एलियस हेड्रियन अँटोनायनस, मग सेबास्तोस आणि युसेबेस (‘ऑगस्टस’ आणि ‘पायस’ यांचे ग्रीक) यांची संक्षिप्त रूपे, असा असतो. क्रम आणि तोड ठशागणिक बदलते. झिजलेल्या नाण्यावर नेमके ‘आद्र’च शिल्लक राहिले की लोक ‘हेड्रियन’ लिहून मोकळे होतात. म्हणून ‘आद्र’च्या आधी ‘आइल’ (एलियस) दिसते का आणि नंतर ‘आन्त’ची सुरुवात दिसते का, ते भिंगातून बघा. गोल ‘सी’सारखे दिसणारे अक्षर म्हणजे ग्रीक सिग्मा, म्हणजे ‘स’. ते रोमन ‘क’ म्हणून वाचू नका.

---

यवनिका

टांकसाळकरांशी सहमत. तारखेबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

ती ‘एल’सारखी खूण अक्षर नाही. रोमनांआधीच्या टॉलेमी राजांच्या काळापासून इजिप्तच्या कागदपत्रांत ‘वर्ष’ या अर्थाने ती वापरत आणि तीच नाण्यांवर आली. तिच्यापुढे ग्रीक अक्षर अंक म्हणून येते : आल्फा १, बीटा २, गामा ३, असे करत एटा ८. एटाचा आकार ‘एच’सारखा. इओटा १०, काप्पा २०. नववे वर्ष पुष्कळदा अंकाऐवजी अक्षरी लिहीत, म्हणून थीटा शोधत बसू नका.

हे राजवटीचे वर्ष असले तरी राज्यारोहणाच्या दिवसापासून मोजत नाहीत. इजिप्तचे नववर्ष थोथ महिन्याच्या १ तारखेला, म्हणजे २९ ऑगस्टला (रोमन लीप वर्षाच्या आदल्या वर्षी ३० ऑगस्टला) लागे. सम्राट गादीवर बसल्यापासून पुढच्या २८ ऑगस्टपर्यंतचा काळ म्हणजे ‘वर्ष १’, मग तो कितीही तोकडा असो. हेड्रियन ११ ऑगस्ट ११७ ला आला, त्याचे पहिले वर्ष अवघे १८ दिवसांचे. अँटोनायनस १० जुलै १३८ ला आला, त्याचे पहिले वर्ष ५० दिवसांचे. दुसरे वर्ष २९ ऑगस्ट १३८ पासून.

तेव्हा अँटोनायनससाठी सोपा हिशेब : वर्षाच्या आकड्यात १३६ मिळवा, येईल त्या इसवी सनाच्या ऑगस्टअखेरीस ते वर्ष सुरू होते. वर्ष ८ म्हणजे १४४/१४५. १३८ मध्ये ८ मिळवून ‘इ.स. १४६’ लिहिलेली कार्डे ठिकठिकाणी आहेत. ती चूक इथूनच येते.

आता तुमच्या घासलेल्या जागेबद्दल. अँटोनायनसने चोविसाव्या वर्षापर्यंत राज्य केले. म्हणजे ‘एल’ आणि एटा यांच्यामध्ये एक उभी रेघ असेल तर ते इओटा-एटा, १८ होईल, सन १५४/१५५. ती रेघ आहे की नाही हे ठरवल्याशिवाय तारीख लिहू नका. खोलीत अंधार करा. नाणे सपाट ठेवून एकच बारीक दिवा टेबलाच्या जवळजवळ पातळीत, १० ते १५ अंशांवर धरा आणि नाणे हळूहळू फिरवा. उभी रेघ दिव्याला समांतर असताना लपते, आडवी आली की सावली पडते. पूर्ण एक फेरी करा. एका कोनातून ‘दिसली नाही’ म्हणून सोडू नका. आणि अंतर मोजा. इओटा बसण्याएवढी जागाच नसेल तर प्रश्न तिथेच मिटतो.

---

कल्हई

वाचन होईल सावकाश. आधी तो फिकट हिरवा ठिपका बघा, तो कांस्यरोग, म्हणजे धातू खात जाणारा गंज, असू शकतो. आणि तोवर नाणे पेटीतल्या बाकीच्या नाण्यांपासून वेगळे ठेवा. रोग हवेतून पसरतो म्हणून नव्हे. त्याची पूड शेजारच्या नाण्यांवर सांडू नये आणि ज्या दमट हवेने हे झाले तीच बाकीच्यांनाही आहे, म्हणून.

भिंगाखाली बारीक सुई टेकवून बघा. गडद, कडक, सुईला दाद न देणारा थर म्हणजे मॅलाकाइट. तो शतकानुशतके तसाच राहतो, त्याला हात लावायचा नाही. फिकट हिरवी, पिठासारखी भुरभुरणारी पूड आणि तिच्याखाली करडा, मेणासारखा थर दिसला तर तो कांस्यरोग. तिसरा प्रकार मऊ, चिकट, गडद हिरव्या मेणासारखा, तो बहुतेक पीव्हीसीच्या पाकिटामुळे किंवा तेलकट हातांमुळे येतो. तो इथे दिसत नाही.

रोगाची जात समजून घ्या, मग उपाय आपोआप कळतात. जमिनीतल्या मिठातले क्लोराइड नाण्यात शिरते आणि धातूला लागून तांब्याचे एक क्लोराइड (नॅन्टोकाइट) तयार होते. ते कोरड्या हवेत निपचित पडून असते. ओलावा आणि प्राणवायू मिळाला की त्याची हिरवी पूड होते आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. ते आम्ल पुढच्या तांब्याला खाते, पुन्हा क्लोराइड, पुन्हा पूड. फिरत राहणारे चक्र आहे हे. पूड पुसल्याने ते थांबत नाही.

सापेक्ष आर्द्रता ४२ टक्क्यांच्या खाली असेल तर ही क्रिया जवळजवळ होत नाही, ५५ च्या वर ती झपाट्याने होते. मुंबई-कोकणात जुलैत हवा ८० टक्क्यांच्या पुढे असते. दिवसा वातानुकूलन आणि रात्री बंद, हे तर आणखी वाईट, कारण गार धातूवर ओल धरते.

आजच करायचे ते असे. हवाबंद झाकणाचा पॉलिथिलीनचा डबा घ्या. तळाशी कापडी पुरचुंडीत सुकवलेले सिलिका जेल, वर पॉलिथिलीनच्या फोमची गादी, तिच्यात नाण्याच्या आकाराचा खळगा आणि आत आर्द्रता दाखवणारी पट्टी. लक्ष्य ३५ टक्क्यांच्या खाली. जेलच्या रंगावर भरवसा ठेवू नका, पट्टी वाचा. निळे जेल घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असते. नारिंगी मिळते ते घ्या. पावसाळ्यात दर आठवड्याला बघा. पट्टी चढली की जेल भट्टीत १०५ अंशांवर रात्रभर सुकवून, बंद डब्यात गार करून परत भरा. गरम जेल नाण्याशेजारी ठेवू नये.

---

धनिष्ठा

हे नाणे मराठी वाचकाला कोणत्याही कोशाशिवाय कळेल असे आहे. सिंह रास आणि तिच्यावर सूर्य. स्वगृहीचा रवी!

अँटोनायनसच्या आठव्या वर्षी अलेक्झांड्रियात ड्राक्म्यांची एक मालिकाच निघाली. प्रत्येक नाण्यावर एक रास आणि तिचा स्वामी. सिंहावर हेलिऑस, म्हणजे रवी. खेकड्यावर चंद्रकोर घेतलेली सेलेनी, कर्केचा चंद्र. मेंढ्यावर आणि विंचवावर शिरस्त्राण घातलेला आरीस, म्हणजे मंगळ. बैलावर आणि तराजूच्या नाण्यावर आफ्रोडायटी, शुक्र. मिथुन-कन्येला हर्मीस, बुध. धनू-मीनेला झ्यूस, गुरू. मकर-कुंभेला क्रोनॉस, शनी. आपल्या पंचांगात जे राशीस्वामी छापतात ते हेच, एकही इकडचा तिकडे नाही.

क्रमामागची मांडणी सरळ आहे. सूर्य आणि चंद्र यांना ऐन उन्हाळ्याच्या लागून असलेल्या दोन राशी दिल्या, सिंह आणि कर्क. मग तिथून दोन्ही बाजूंना, जवळच्यापासून दूरच्या ग्रहापर्यंत : बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शेवटी सर्वात दूरचा शनी हिवाळ्याच्या मकर-कुंभेत. हे स्पष्टीकरण लिहून ठेवणारा ज्योतिषी-खगोलज्ञ क्लॉडियस टॉलेमी अलेक्झांड्रियाचाच, आणि त्याने नोंदवलेले वेध इ.स. १२७ ते १४१ मधले आहेत. म्हणजे ही नाणी त्याच्याच शहरात, त्या वेधांनंतर तीनचार वर्षांत पडली.

आपल्याकडे ही विद्या ग्रीकांकडूनच आली, आणि वराहमिहिराने राशींची जी दुसरी नावे दिली आहेत त्यांत ती स्वच्छ दिसते. मेष म्हणजे क्रिय (क्रिऑस), वृषभ तावुरि (ताउरोस), सिंह लेय (लेऑन), कन्या पाथोन (पार्थेनोस), वृश्चिक कौर्प्य (स्कॉर्पिओस), धनू तौक्षिक (टॉक्सोटेस), मकर आकोकेर (आइगोकेरोस). ‘होरा’, ‘केंद्र’, ‘द्रेष्काण’ हेही ग्रीकच शब्द. तुमच्या नाण्यावरच्या सिंहाला ‘लेय’ म्हणणारे लोक आपल्याकडे होते, हे कार्डावर एका ओळीत यायलाच हवे असे मला मनापासून वाटते.

या मालिकेतली इतर नाणी पेटीत निघाली तर एक सावधगिरी. मकर म्हणजे मगरीसारखा प्राणी शोधाल तर फसाल. नाण्यावर पुढून बोकड आणि मागून मासा असतो. धनूला नुसते धनुष्य नसते, घोड्याचे धड असलेला धनुर्धर असतो.

---

टांकसाळकर

धनिष्ठा, उत्तम. म्हणूनच तारीख महत्त्वाची ठरते. सिंहावर किरणवलयी हेलिऑस आणि तारा असेल तर चित्र स्वतःच आठव्या वर्षाकडे बोट दाखवते. तरी यवनिका म्हणते तसे अक्षर स्वतंत्रपणे तपासा. चित्रावरून तारीख ठरवायची आणि मग तारखेवरून चित्र ठरवायचे, असे गोल फिरू नये.

याच सम्राटाच्या ड्राक्म्यांवर ग्रीक कथांतला वीर हेराक्लीस याच्या पराक्रमांचीही मालिका आहे, त्यात नेमियाचा सिंह येतो. तिथे माणूस सिंहाला आवळत असतो. झिजलेल्या नाण्यावर माणसाची आकृती आणि पाठीवरचे मुख यांत गल्लत होऊ शकते. किरण मोजता आले तर मोजा.

आठव्या वर्षीच का, याला ‘सोथिस चक्र’ हे उत्तर सर्रास दिले जाते. व्याधाचा तारा आणि इजिप्तचे पंचांग पुन्हा जुळण्याचा योग इ.स. १३९ चा. म्हणजे राज्याचे दुसरे वर्ष. आठव्या वर्षी त्याला पाच वर्षे उलटून गेली होती. माझ्या मते कार्डावर हे कारण म्हणून लिहू नये.

---

ताम्रमुख

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे तिरप्या उजेडात पूर्ण फेरी केली. ‘एल’ आणि एटा यांच्यात रेघ नाही, आणि अंतर एटाच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी आहे. पुढच्या बाजूला ‘आद्र’ आणि लगेच ‘आन्तो’ वाचता आले. सुई टेकवली तेव्हा पूड भुरभुरली, खाली करडे दिसले. नाणे डब्यात गेले.

आता शंका. कडेला समोरासमोर दोन जागी छाटल्यासारखे सपाट भाग आहेत, एके ठिकाणी धातूचा ओघळ गोठल्यासारखा दिसतो. हे ओतीव नकलीचे लक्षण ना?

---

टांकसाळकर

नाही, आणि हा गैरसमज फार नाण्यांना नडलाय. अलेक्झांड्रियात कोऱ्या चकत्या साच्यात ओतत, एकमेकींना पन्हळीने जोडलेल्या अशा माळेत. मग त्या तोडून ठशांमध्ये ठेवून हातोड्याने ठोकत. कडेचे सपाट भाग म्हणजे तोडल्याची जागा. समोरासमोर दोन असणे हे माळेतल्या मधल्या चकतीचे लक्षण, उलट चांगलेच. कडा बाहेर उतरत्या असतात त्या साच्याच्या आकारामुळे.

नक्कल ओळखायची ती चित्राच्या बाजूंवर. खरे नाणे ठोकलेले असते, म्हणून अक्षरांच्या पायथ्याशी धातू वाहिल्याच्या बारीक रेषा कडेच्या दिशेने जातात आणि अक्षराची भिंत उभी तुटलेली असते. ओतलेल्या नकलीत अक्षरे साबणाच्या वडीवरच्या नावासारखी मऊ, भिंती गोलसर, आणि मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढे गोल खड्डे, हवेच्या बुडबुड्यांचे. गंजाचे खड्डे वेडेवाकडे असतात, बुडबुड्याचे गोल. दहापट भिंग पुरते.

राशींच्या नाण्यांना संग्राहकांची मागणी मोठी, म्हणून दुसरा धोका नकलीपेक्षा जास्त : खऱ्या पण झिजलेल्या नाण्यावर कोरणीने पुन्हा कोरणे. सिंहाची आयाळ केसागणिक तीक्ष्ण आणि सम्राटाचे केस मात्र गुळगुळीत, असे असेल तर थांबा. एकाच नाण्याची झीज दोन्ही बाजूंना थोडी कमी-जास्त असते, पण एकाच बाजूवर एक भाग धारदार आणि लागून असलेला सपाट, असे घिसण्याने होत नाही. कोरणीची रेघ हिरव्या थराला कापून जाते, तिच्या तळाशी थराचा रंग वेगळा दिसतो. आजूबाजूची मोकळी जागाही घासून खोल केलेली असते, ती आरशासारखी सपाट लागते.

अक्ष लिहिलात का? पुढची बाजू सरळ धरून वर-खाली बोटांत पकडा, उभ्या अक्षाभोवती फिरवा आणि मागच्या चित्राचे डोके घड्याळात कुठे आहे ते लिहा. अलेक्झांड्रियाचे बहुधा १२ च्या आसपास येते. सहावर आले तर चूक म्हणता येणार नाही, पण दुसऱ्यांदा बघावे.

---

खापरखुंटी

पृष्ठभागावरची क्ष-किरण तपासणी करून घेतली तर धातू कळेल आणि खरे-खोटेही ठरेल, नाही का?

---

कल्हई

अर्धेच कळेल. ती तपासणी वरचा काही शतांश मि.मी.चा थर वाचते, आणि जुन्या कांस्यात तोच थर आतल्या धातूसारखा नसतो. तांबे गंजातून निघून गेलेले, कथील आणि शिसे तुलनेने वाढलेले. ‘कथील इतके टक्के’ असा आकडा येईल तो गंजाचा, नाण्याचा नव्हे. शुद्ध धातूपर्यंत खरवडून मोजणे या नाण्यावर मला मान्य नाही. क्लोराइड कुठे आहे हे बघायला मात्र ती उपयोगी. आकडा लिहिलात तर ‘पृष्ठभागावर, थरासह’ हे शब्द सोबत हवेतच.

---

खापरखुंटी

समजले. आणि ठिपका घरच्या पद्धतीने काढला तर? तांब्या-पितळेला चिंच-मीठ लावतात तसे, किंवा ऑलिव्ह तेलात बुडवून ठेवणे, संग्राहकांमध्ये हे चालते असे वाचलेय.

---

कल्हई

चिंच-मीठ हे या नाण्यासाठी विष आहे. चिंचेचे आम्ल हिरवा थर विरघळवते आणि मीठ म्हणजे क्लोराइडच. रोगाचे मूळ आपण हाताने आत भरतो. नाणे तासाभर गुलाबी चकाकते आणि पुढच्या पावसाळ्यात सगळीकडून फुलते. लिंबू, व्हिनेगर, पितळ उजळण्याच्या पावडरी, सगळ्यांचे तेच. १९०० वर्षांच्या नाण्यावर अक्षरांची धार धातूत उरलेली नसते, ती हिरव्या थरातच असते. थर गेला की लेख गेला.

ऑलिव्ह तेलात मेदाम्ले असतात, ती तांब्याचे साबण बनवतात. थर काळवंडतो, तेल भेगांत शिरते आणि पुढे कोणतेही द्रावण आत जात नाही. क्लोराइडला ते हातही लावत नाही.

आता खरा उपचार. हे प्रशिक्षित संवर्धकाने करायचे काम आहे, पण सूची करणाऱ्याला काय घडते ते माहीत असावे.

सूक्ष्मदर्शकाखाली सुईने आणि बारीक ब्रशने ठिपक्यातली पूड आणि खालचे करडे मेण, दिसते तेवढे सगळे काढतात. मग ॲसिटोनमध्ये धुऊन ओलावा काढतात. नंतर तांब्याचा गंज रोखणाऱ्या बेंझोट्रायअझोलचे द्रावण, १०० मि.ली. इथेनॉलमध्ये ३ ग्रॅम. नाणे त्यात बुडवून निर्वात पेटीत ठेवतात, म्हणजे छिद्रांतली हवा निघून द्रावण आत जाते. बुडबुडे थांबले की हवा परत सोडतात, आणि मग साधारण २४ तास तसेच. बाहेर काढून इथेनॉलने पुसायचे, नाहीतर वर पांढरे स्फटिक उरतात. हे रसायन आरोग्याला घातक मानतात. नायट्राइलचे हातमोजे आणि धूर ओढणारी कपाटपेटी, याशिवाय नको.

मग परीक्षा. ओल्या कापसासोबत बंद डब्यात, कापूस न टेकवता, २४ ते ४८ तास. ताजे हिरवे ठिपके आले तर पुन्हा पहिल्यापासून. नाही आले तर पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा पातळ लेप, ॲसिटोनमध्ये ५ टक्के. लेप लावला म्हणून कोरडा डबा सोडायचा नाही. क्लोराइड पूर्ण गेलेले नसते, फक्त बांधलेले असते.

सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या ५ टक्के पाण्यात महिनोन्‌महिने भिजवण्याची जुनी रीत आहे. क्लोराइड निघते खरे, पण पाणी निळे होते, म्हणजे थरातले तांबेही निघते, आणि वर नवेच निळसर क्षार बसू शकतात. एका ठिपक्यासाठी अख्खे नाणे भिजवणे मला पटत नाही.

---

निळीशाई

नोंदीच्या बाजूने दोन गोष्टी.

उपचाराआधी छायाचित्र काढा, ठिपक्यासकट. नंतर काढलेल्या छायाचित्राला आधीचे नसेल तर किंमत नाही. कॅमेरा स्टँडवर, लेन्स नाण्याला लंब. एक दिवा डावीकडे वरून सुमारे ४५ अंशांवर, समोर पांढरा कागद सावली उजळायला. शेजारी मि.मी.ची पट्टी, नाण्याच्या पृष्ठभागाच्या उंचीवर. पट्टी टेबलावर आणि नाणे फोमवर असेल तर माप चुकते. दोन्ही बाजू त्याच दिव्यात घ्या. मग तिरप्या उजेडात निदान चार दिशांनी तारखेची जागा वेगळी घ्या. वाचनाचा पुरावा तोच.

क्रमांक नाण्यावर शाईने लिहू नका, लेप देऊनही नाही. पॉलिथिलीनच्या पाकिटावर आणि आतल्या आम्लरहित चिठ्ठीवर लिहा. पेटीत मखमल किंवा लोकर असेल तर काढून टाका, त्यातले गंधक धातूला लागते. प्लायवुडच्या कप्प्यातून आम्लाची वाफ सुटते. जुने कार्ड फेकू नका! ‘ग्रीक, तांबे, सिंहछाप’ हे चूक असले तरी त्यावरचा जुना क्रमांक आणि हस्ताक्षर हाच नाण्याच्या प्रवासाचा एकमेव धागा असू शकतो.

लेख लिहिताना दिसणारी अक्षरे आणि तर्काने भरलेली अक्षरे वेगळी ठेवा, भरलेली चौकटी कंसात. आणि तुलनेसाठी प्रांतिक नाण्यांच्या ऑनलाइन सूचीचा (‘रोमन प्रॉव्हिन्शियल कॉइनेज’) चौथा खंड बघा, तो १३८ ते १९२ चा. तिथला प्रकार-क्रमांक आणि जुना दत्तारी क्रमांक (अलेक्झांड्रियाच्या नाण्यांच्या दत्तारीने केलेल्या सूचीतला) दोन्ही टाका. जगभरच्या सूच्या अजून दत्तारीनेच बोलतात.

---

खापरखुंटी

रोमशी आपला व्यापार होता. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला पोसायडनची कांस्य मूर्ती सापडली, तेरला रोमन वस्तू मिळाल्या. हे नाणेही तसेच इथे आले असेल, असे फलकावर लिहिले तर लोकांना जवळचे वाटेल.

---

यवनिका

जवळचे वाटेल, पण ते लिहू नये. कारण सांगते.

इजिप्तचे चलन बंदिस्त होते. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याने इ.स.पूर्व ३० मध्ये देश घेतल्यावरही तिथली नाणी वेगळीच राहिली आणि सम्राट डायोक्लेशनच्या काळापर्यंत, तिसऱ्या शतकाच्या अखेरीपर्यंत, ती तशीच होती. अलेक्झांड्रियाचा कांस्य ड्राक्मा इजिप्तच्या बाजारात चाले, बाहेर त्याला मोल नव्हते. भारताकडे येणारा व्यापारी सोन्या-चांदीची नाणी घेऊन निघे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत भडोच बंदरात सोन्या-चांदीच्या रोमन नाण्यांच्या अदलाबदलीत नफा मिळतो असे सांगितलेय, आणि तिथे माल पैठण व तेरहून येतो हेही. २२ ग्रॅमचे कांस्य जहाजावर लादून आणायचे कारणच काय?

उत्खननाची नोंद नसेल तर संग्रहालयातले असे नाणे देणगीतून किंवा खरेदीतून आलेले मानावे. सापडल्याचे स्थळ ठाऊक नसेल तर ‘प्राप्तिस्थान : नोंद नाही’ एवढेच. खरा दुवा धनिष्ठाने दिलाय, राशींचा. आणि दुसरा शब्दात आहे. ‘ड्राक्मा’वरून आपल्याकडे ‘द्रम्म’ आला, शिलाहार-यादवांच्या लेखांत तो सापडतो, आणि त्यावरून ‘दाम’. फलकावर हे लिहा, लोकांना याहून जवळचे काय वाटणार.

---

ताम्रमुख

अक्ष १२ वर आला. आयाळ आणि सम्राटाचे केस सारखेच झिजलेले, थर सलग. बुडबुड्यांचे खड्डे नाहीत. कार्डाचा मसुदा :

‘रोमन प्रांतिक. इजिप्त, अलेक्झांड्रिया. अँटोनायनस पायस. कांस्य ड्राक्मा, वर्ष ८ (इ.स. १४४). पुढे : माळ घातलेले मुख, उजवीकडे. मागे : झेपावणारा सिंह, वर किरणवलयी हेलिऑसचे मुख, तारा, सिंह राशीत रवी. ३३–३४ मि.मी., २२.४६ ग्रॅम, अक्ष १२. कड : दोन ठिकाणी तोड. स्थिती : सिंहाच्या पोटाखाली कांस्यरोग, उपचार बाकी. प्राप्तिस्थान : नोंद नाही. जुने कार्ड सोबत.’

---

यवनिका

एक दुरुस्ती. ‘इ.स. १४४’ नको, ‘१४४/१४५’ लिहा. वर्ष ८ म्हणजे २९ ऑगस्ट १४४ ते २८ ऑगस्ट १४५, आणि त्यातला मोठा भाग १४५ मध्ये पडतो.

---

कल्हई

आणि वजनापुढे ‘उपचारापूर्वी’. पूड काढल्यावर ते थोडे घटेल. दोन्ही आकडे कार्डावर राहू द्या, तारखेसह.